वापरलेल्या वस्तूंचं दुकान चालवतोय, घेणारे भरपूर आहेत पण देणारे कमी, काय करावं?

सुमा_डोंबिवली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबेल, सांभाळून घ्या.

डोंबिवली पूर्वेला आमच्या संस्थेचं एक छोटं दुकान आहे. दुकान म्हणजे जुन्या बिल्डिंगमधला तळमजल्याचा गाळा, शटर वर केलं की दोन रॅक, एक टेबल आणि मागे पोटमाळा, बस. लोकांनी दिलेल्या वापरलेल्या पण धड वस्तू आम्ही धुऊन पुसून इस्त्री करून अगदी कमी किमतीत विकतो, शर्ट ३० ला, साडी ५० ते ८०, कुकर दीडशेच्या आसपास, आणि जे जमतं त्यावर वस्तीतल्या मुलांची संध्याकाळची अभ्यासिका चालते, म्हणजे शिक्षिकेचं मानधन, लाइटबिल, वह्या वगैरे. गिऱ्हाईक भरपूर आहे. घरकामाला येणाऱ्या बायका, नाक्यावरचे मजूर, कॉट बेसिसवर राहणारी पोरं, सगळे येतात. पण रॅक रिकामी असते हो.

म्हणजे येतच नाही असं नाही, येतं ते असं येतं. परवा तांदळाची गोणी आली, तोंड सुतळीने शिवलेलं. उघडली तर डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर. आत काय, तर होळीचे रंग लागलेला झब्बा, हुक तुटलेले सात ब्लाउज, एका इंग्लिश मीडियम शाळेचा लोगो असलेला युनिफॉर्म (आता तो कुणाला देऊ?), झाकण नसलेले डबे आणि मोज्यांचे एक एक पाय. त्यातून विकण्याजोगे निघाले फक्त दोन टॉवेल आणि एक पॅन्ट. बाकीचं टाकायलाही आम्हालाच रिक्षा करावी लागली.

सोसायट्यांना पत्रं दिली, व्हॉट्सॲपवर मेसेज फिरवला, 'जुने कपडे, भांडी, खेळणी, काहीही द्या' असा. दोन आठवडे जरा बरं चालतं नि परत सामसूम. कुणी असं काही चालवलंय का? लोक द्यायला का कचरतात आणि काय केलं तर देतील?

चहाबाज

विषय चांगला काढलात. एक साधा प्रश्न, दुकान उघडं कधी असतं?

सुमा_डोंबिवली

सकाळी ११ ते संध्याकाळी ५. रविवार बंद. आम्ही सगळ्या निवृत्त बायका आहोत ना, संध्याकाळी घरचं असतं आणि रविवारी नातवंडं.

चहाबाज

अहो ताई मग कोण येणार! ज्याच्या घरात जास्तीचं सामान आहे तो सकाळी आठच्या आत लोकलला लटकतो आणि रात्री नऊला घरी येतो, तुमचं शटर त्याने आयुष्यात उघडं बघितलेलं नसणार. माझ्याकडेच दाराच्या मागे एक पिशवी भरून ठेवलीये गेले कित्येक महिने, बायको रोज म्हणते देऊन टाक, आणि मी रोज म्हणतो रविवारी. आणि रविवारी ते जिथे द्यायचं तिथे कुलूप. रविवारी सकाळी ९ ते १२ उघडा बघा, माणूस दूध पाव वडे आणायला खाली उतरतोच, पिशवी हातात घेऊनच उतरेल. त्या बदल्यात सोमवार बंद ठेवा.

गोधडी

चहाबाज +१. पण वेळेच्या आधी एक गोष्ट लक्षात घ्या, आपल्याकडे जुन्या वस्तूला आधीच धनी ठरलेले असतात. जुने कपडे पहिल्यांदा घरकामाच्या मावशींना विचारून मग बाकीच्यांना, तो त्यांचा मान असतो आणि तो डावलून बाहेर दिलं तर मावशी चार दिवस बोलत नाहीत (स्वानुभव). जरीची साडी, पॅन्ट बोहारणीला, त्यावर स्टीलचं पातेलं मिळतं आणि घासाघीस करण्याची मजा वेगळीच. पेपर, पुस्तकं, लोखंड रद्दीवाल्याकडे, तो रोख पैसे देतो. सुती साड्यांची गोधडी होते नाहीतर फडकी. मोबाइल, सायकल ओएलएक्सवर. या सगळ्यांच्या हातून सुटून जे उरतं ते तुमच्याकडे येतंय, मग हुक तुटलेले ब्लाउजच येणार ना.

त्यामुळे 'जुने कपडे द्या' म्हणूच नका. जे यातलं कुणीच घेत नाही आणि घरात अडगळ होऊन बसलंय ते मागा. आणि अशी वस्तू प्रत्येक मराठी घरात कपाटभर असते. आहेराचं कपाट!! लेमन सेट, भिंतीवरची घड्याळं, फोटोफ्रेम, बाउलचे सेट, टॉवेल, पांघरुणं, ब्लाउजपीस जे या हळदीकुंकवातून त्या ओटीत आणि त्या ओटीतून परत आपल्याकडे फिरत असतात. सगळं नवंकोरं, खोक्यातलं. माझ्याकडे मिक्सरच्या वरच्या फळीवर संक्रांतीला लुटलेल्या वाणाच्या प्लास्टिकच्या टोपल्या, गाळण्या, साबणदाण्या एवढ्या आहेत की दुकान काढता येईल. टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत. तुम्ही मागितल्या तर मी आज आणून देईन.

लेकुरवाळी

गोधडी, हसून हसून मेले. माझ्या सासूबाईंकडे एकच लेमन सेट आहे जो तीन लग्नं फिरून परत आमच्याकडेच आलाय, आतली चिठ्ठी तशीच.

यात लहान मुलांचं सामान पण घाला. पाळणा, वॉकर, प्रॅम, स्टरिलायझर, हाय चेअर. वर्षभर वापरतात आणि मग माळ्यावर, 'दुसऱ्याच्या वेळी लागेल' म्हणून. दुसरं होत नाही ते होत नाहीच. घ्यायला गेलं तर हजारो रुपये आणि घेणारे तर रांगेत उभे राहतील.

आजोबा_७२

सर्वांना नमस्कार. माझा थोडा वेगळा सूर आहे, राग मानू नये. लोक तुम्हाला वस्तू फुकट देतात ते दान म्हणून. ती तुम्ही विकता हे देणाऱ्याला कळलं की त्याचा हात आखडतो. आमच्या इमारतीत हीच चर्चा झाली होती. गरिबाला द्यायचं तर फुकट द्यावं, त्यात ३० रुपये कसले घ्यायचे?

पक्या_भाऊ

आजोबांना अनुमोदन. आणि विकलेल्या पैशाचं काय होतं हे कोण बघतंय? संस्था म्हणलं की लोकांना आधी शंकाच येते, त्यात चूक पण नाही लोकांची.

मिरजकर

आजोबा, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगतो, फुकट वाटपाचं काय होतं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला तेव्हा सांगली-मिरजेला कपड्यांचे ट्रकच्या ट्रक आले. भावना चांगलीच होती लोकांची, त्याबद्दल काही नाही. पण आलं काय, तर फाटके, मळके, पार्टीचे गाऊन, लोकरीचे स्वेटर. ज्याचं घर चिखलात गेलंय त्या बाईला नवीन परकर, चादर आणि झाडू हवा होता. ढिगात हात घालून कपडे उचकायची लाज वाटते माणसाला, आमच्या इथल्या कितीतरी बायका त्या ढिगाकडे फिरकल्याच नाहीत. शेवटी ते कपडे भिजून रस्त्याच्या कडेला पडले.

तेच कपडे हँगरवर लावून २० रुपये चिठ्ठी लावा, तीच बाई दोन साड्या अंगाला लावून बघेल, रंग आवडला नाही म्हणून नाक मुरडेल आणि तिसरी घेईल. नाक मुरडायचा हक्क २० रुपयात मिळतो. गूंज संस्थेचं उदाहरण घ्या, अंशू गुप्तांनी १९९९ ला दिल्लीत सुरू केली, २०१५ ला मॅगसेसे मिळालं त्यांना, ते तर विकत पण नाहीत, पण फुकटही टाकत नाहीत. गावाने मिळून विहीर खणायची, रस्ता करायचा, बंधारा साफ करायचा आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे-सामानाचं किट न्यायचं. आणि जे अगदीच घालण्यासारखं नाही त्याच्या दप्तरपिशव्या, सॅनिटरी पॅड करतात, वाया जाऊ देत नाहीत.

आजोबा_७२

मिरजकर, मुद्दा पटला. विहिरीचं माहीत नव्हतं. पण मग दुकानाबाहेर ठळक लिहा की इथे विकतो आणि पैसे अभ्यासिकेला जातात. लपवल्यासारखं वाटू नये.

लेस्टरची_लेक

उशिरा आले धाग्यावर. मी लेस्टरला एका चॅरिटी शॉपमध्ये शनिवारी जाते, इथे हा प्रकार गल्लोगल्ली आहे, ऑक्सफॅमने ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर १९४७-४८ च्या सुमारास दुकान थाटलं तेव्हापासून लोकांच्या अंगवळणी पडलंय. आणि गंमत म्हणजे आजोबांचा प्रश्न इथे कुणाला पडतच नाही, सगळ्यांना माहितीये की विकण्यासाठीच देतोय.

इथली एक पद्धत तुम्हाला उचलता येईल. माल देणारा जर इन्कम टॅक्स भरत असेल तर तो एक फॉर्म भरतो, त्याच्या पिशवीवर बारकोडचं स्टिकर लागतं आणि त्यातली प्रत्येक वस्तू विकली की त्याच्या खात्यावर नोंद होते. मग त्याला पत्र किंवा ईमेल येतं की तुमच्या वस्तूंचे इतके पौंड आले. त्यावर दुकानाला सरकारकडून दर पौंडामागे २५ पेन्स जास्तीचे मिळतात, गिफ्ट एड म्हणतात त्याला. सरकारी पैशाचं सोडा, ते तुमच्याकडे नाही. पण ते पत्र! आमच्या ओळखीच्या एका बाईंना पत्र आलं की तुमच्या सामानाचे ४२ पौंड झाले, दुसऱ्या आठवड्यात गाडी भरून घेऊन आल्या, नवऱ्याची गोल्फची काठी पण होती त्यात (नवऱ्याला माहीत होतं का ते विचारलं नाही आम्ही).

बाकी कचरा इथेही येतो बरं, त्यात काही आपणच मागे आहोत असं नाही. रात्री शटरबाहेर फाटक्या गाद्या ठेवून पळून जातात लोक. न खपलेले कपडे रॅगवाले किलोवर नेतात आणि त्यातलं बरंच पुढे फिरत फिरत आपल्याच कांडल्याला, पानिपतला पोचतं, तिथे लोकरीचा परत धागा काढून ब्लँकेटं विणतात. तुम्ही पण न विकलं जाणारं किलोवर घेणारा एक माणूस बांधून ठेवा, रिक्षाचा खर्च तरी वाचेल.

आणि नाही कसं म्हणायचं ते शिका. इथे सोफ्याला आगीच्या सुरक्षिततेचं लेबल नसलं तर घेतच नाहीत, हेल्मेट आणि गाडीतली बेबीसीट घेत नाहीत, विजेची वस्तू तपासल्याशिवाय रॅकवर जात नाही. यादी दारावर लावलेली असते. त्याने देणारे कमी होत नाहीत.

सुमा_डोंबिवली

बाप रे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पावतीबद्दल लोक नेहमी विचारतात हो, '८०जी मिळेल का?' म्हणजे दानावरची इन्कम टॅक्सची सवलत. आमची संस्था नोंदणीकृत आहे, ८०जी पण आहे. वस्तूंवर देता येतं का? कुणी सीए आहे का इथे?

हिशोबनीस

सीए नाही पण ट्रस्टचे हिशोब लिहिण्यात केस पांढरे झालेत. वस्तूरूप दानावर ८०जीची वजावट नाही. फक्त पैशाच्या दानावर, आणि त्यातही रोख असेल तर २,००० रुपयांपर्यंतच, त्यावर चेक किंवा ऑनलाइन हवं. शिवाय नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ती वजावट तशीही मिळत नाही. त्यामुळे जुन्या फ्रिजची १५,००० ची पावती द्या म्हणणारा भेटला तर गोड बोलून नाही म्हणा, ती पावती दिलीत तर ऑडिटला तुमच्याच गळ्यात येईल.

पण साधी पोचपावती जरूर द्या. तारीख, देणाऱ्याचं नाव, 'दोन पिशव्या कपडे, एक मिक्सर' एवढंच, किंमत लिहायची नाही. विक्रीचं रजिस्टर वेगळं ठेवा. मालाच्या विक्रीला जीएसटीची मर्यादा आपल्याकडे ४० लाख आहे, तिथे तुम्ही पोचाल तेव्हा मला पेढे द्या. आणि पक्या_भाऊंची शंका रास्त आहे. महिन्याचा हिशोब एका कागदावर लिहून शटरला आतून चिकटवा. इतकी विक्री, इतकं भाडं, इतकं शिक्षिकेला. धर्मादाय आयुक्तांकडे जातो तो हिशोब कोण बघायला जातंय, दारावरचा मात्र सगळे वाचतात.

रिडेव्हलपमेंटग्रस्त

एक खाण दाखवतो तुम्हाला. आमची बिल्डिंग १९८४ ची, यंदा पाडली. ३२ घरं. सगळ्यांना एकाच महिन्यात भाड्याच्या घरात जायचं होतं आणि भाड्याचं घर आधीच्यापेक्षा लहान. त्या महिन्यात काय काय बाहेर निघालं ते सांगतो, सागवानी पलंग, पितळी बंब, शिलाई मशीन, पाट, सुटकेसा, पुस्तकांची कपाटं. भंगारवाला जिन्यातच बसून असायचा आणि म्हणेल तो भाव. शिलाई मशीन, चालू, पायडलवालं, लोखंडाच्या भावात गेलं. आईला रात्री जेवण गेलं नाही.

डोंबिवली, ठाणे, मुलुंड, जिकडे बघाल तिकडे बिल्डिंगा पाडायला निघाल्यात. कुठल्या सोसायटीला खाली करायची नोटीस लागली ते इस्टेट एजंटला, वॉचमनला, दूधवाल्याला सगळ्यात आधी माहीत असतं. त्या सोसायटीच्या सेक्रेटरीला महिनाभर आधी भेटा. एक रविवार टेम्पो घेऊन जा आणि सगळी घरं एकदम करा. लोकांना पैसे नको असतात हो त्या वेळी, डोळ्यांदेखत मोडीत जाऊ नये एवढंच हवं असतं.

चहाबाज

वा! याच्यासाठी धागा वर ठेवा.

पक्या_भाऊ

टेम्पोचं भाडं कोण देणार? आणि पलंग त्या गाळ्यात मावणार कुठे? सागवानी पलंग आत गेला तर सुमाताई बाहेर.

रिडेव्हलपमेंटग्रस्त

मोठं सामान आणायचंच नाही दुकानात. फोटो काढा, माप टाका, दुकानात फळ्यावर लावा, ज्याला हवं त्याने थेट त्या घरून उचलून न्यायचं आणि पैसे दुकानात भरायचे. टेम्पो फक्त भांडी, कपडे, शिलाई मशीन असल्या गोष्टींना. भाडं सोसायटीकडूनच मागा, ३२ घरांत वाटलं तर घरटी पन्नास रुपये पण नाही येत.

वाचनवेडी

पुस्तकांचं कुणी बोललं नाही म्हणून. डोंबिवलीतच पै फ्रेंड्स लायब्ररीचा पुस्तक आदान-प्रदान सोहळा होतो, आपलं पुस्तक द्यायचं आणि तिथलं दुसरं घ्यायचं. गर्दी बघितलीत का कधी? पोती भरभरून पुस्तकं आणतात लोक. नुसतं 'दान करा' म्हटलं असतं तर एवढी आली नसती असं माझं स्पष्ट मत, काहीतरी घेऊन जायला मिळतं म्हणून माणूस घरातलं कपाट उघडतो. तुम्ही पण महिन्यातून एकदा अदलाबदल ठेवा. दोन चांगली खेळणी आणा, एक न्या, असं. एक तुमचं.

गोधडी

हे संक्रांतीला करा ना! हळदीकुंकू दुकानातच ठेवा, प्रत्येकीने घरातली एक न वापरलेली वस्तू आणायची, खोक्यातली, आणि वाण म्हणून तुमच्याकडच्या कापडी पिशव्या लुटा. माझ्या साबणदाण्या घेऊन मी पहिली हजर.

सुमा_डोंबिवली

अदलाबदल मस्त. एक विचारू का, थोडं नाजूक आहे. सध्या पितृपक्ष चालू आहे, आणि गेलेल्या माणसाच्या वस्तू द्यायला लोक येतात ते याच दिवसांत जास्त. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आईच्या नऊवारी घेऊन आले, अठरा की वीस, सगळ्या घडीत घड्या. घ्यायच्या की नाही यावर आमच्यातच दोन तट पडले, एकीचं म्हणणं गेलेल्या बाईचं वस्त्र कोण नेसेल. आणि नऊवारी आजकाल घेणार कोण?

मिरजकर

बिनधास्त घ्या. नऊवारीला गिऱ्हाईक तुम्हाला वाटतं त्याच्या दसपट आहे, शाळांची गॅदरिंग, लेझीम पथकं, भजनी मंडळं, लावणीच्या स्पर्धा. भाड्याने आणतात बिचारे दिवसाला शे-दोनशे देऊन. शाळेच्या शिक्षकांना कळवा.

लेस्टरची_लेक

इथे तर निम्मा माल तसाच येतो, कुणी वारलं, कुणी वृद्धाश्रमात गेलं. घाई करू नका त्यांच्याशी, पाच मिनिटं बसू द्या, पाणी विचारा. आणि खिसे, घड्या, पर्सचे कप्पे सगळे तपासा! आम्हाला एकदा कोटाच्या अस्तरात लग्नाची अंगठी सापडली होती, पत्ता शोधून परत केली.

सुमा_डोंबिवली

खिशांचं अगदी खरं. त्याच साड्यांच्या घडीत जुन्या पाचशेच्या चार नोटा निघाल्या, नोटबंदीच्या आधीच्या. फोन केला तर ते हसायलाच लागले, म्हणाले आईने बाबांपासून लपवून ठेवलेल्या असणार.

हिशोबनीस

त्या रजिस्टरला लिहू नका फक्त.

व्हीलचेअर

रुग्णसाहित्याचं राहिलं. वॉकर, कमोड चेअर, टेकून झोपायचा पलंग, एअरबेड. घरात कुणी आजारी असलं की घाईघाईत नवं आणतात, मग वर्षानुवर्षं गॅलरीत. हे विकू नका, डिपॉझिट घेऊन वापरायला द्या, अशी केंद्रं गावोगावी चालतात आणि त्याच्यामुळे संस्थेचं नाव घरोघर पोचतं. ज्याच्या वडिलांना तुम्ही महिनाभर वॉकर दिला तो माणूस पुढे तुम्हाला जन्मभर पिशव्या आणून देतो. एक मात्र, औषधं घेऊ नका, कितीही सीलबंद असली तरी.

चहाबाज

आणि मेसेज बदला ताई. 'काहीही द्या' म्हटलं की लोक काहीही देतात. आठवड्याला एकच वस्तू मागा. 'या आठवड्यात फक्त दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या.' पुढच्या आठवड्यात 'फक्त कुकर, शिट्टी असो नसो'. माणूस एक वस्तू शोधायला कपाट उघडतो आणि चार बाहेर काढतो. आणि दिवाळीची साफसफाई आलीच आहे तोंडावर, आता नाही मागितलं तर मग थेट मे महिन्यात लोक घरं बदलतील तेव्हा.

सुमा_डोंबिवली

मंडळी, अपडेट द्यायला आले, दिवाळी झाली, फराळ संपला, आता जरा उसंत आहे.

रविवार सकाळ सुरू केली. भांडणं झाली आमच्यात त्यावरून, पण दोघींची मुलं येऊन बसायला तयार झाली. फरक लगेच दिसला, रविवारच्या तीन तासांत अख्ख्या आठवड्याइतक्या पिशव्या येतात, आणि आणणारे बहुतेक पुरुष, हातात दुधाची पिशवी नि दुसऱ्या हातात आमची. चहाबाज, तुमची दाराआडची पिशवी अजून आलेली नाही याची नोंद घ्यावी.

दर आठवड्याला एकच वस्तू मागणं सगळ्यात चाललं. कुकरच्या आठवड्यात कुकर आलेच, वर तवे, कढया, एक पुरणयंत्र पण आलं. कुकरच्या नवीन रिंगा आणि शिट्ट्या आम्ही स्टेशनजवळून घाऊक आणल्या, प्रत्येकात पाणी घालून शिट्टी होईपर्यंत तपासला आणि मगच ठेवला. गाळ्यात दिवसभर शिट्ट्या, शेजारचा टेलर वैतागला. कुकर मात्र सगळे गेले.

आहेराच्या कपाटाची मोहीम मात्र वाटली तशी नाही झाली. माल आला बक्कळ, पण घड्याळं आणि फोटोफ्रेम कुणीच विकत घेत नाही, लेमन सेट सुद्धा पडून आहेत. टॉवेल, चादरी, स्टीलचे डबे, वाणाच्या टोपल्या हातोहात गेल्या. तर गोधडी, टोपल्या पाठवा, घड्याळं नको.

दारावर हिशोबाचा कागद लावला. पहिल्याच दिवशी एका काकांनी बेरजेत चूक काढली आणि पुढच्या रविवारी दोन सुटकेसा आणून दिल्या. यादी पण लावली, काय घेतो आणि काय नाही. फाटकं घेत नाही म्हटल्यावर एक बाई तावातावाने गेल्या, 'दानाला पण नखरे' म्हणत. जाऊ देत.

पत्राच्या ऐवजी आम्ही व्हॉट्सॲप करतो, 'तुमच्या पिशवीचे २३० झाले, त्यातून वह्या आल्या', सोबत वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो. मुलांचे फोटो टाकत नाही, ते आम्ही ठरवून टाळलंय. प्रत्येक वस्तूची नोंद काही जमत नाही, पिशवीला एक नंबर आणि एक रंग देतो आणि त्यातल्या वस्तूंच्या चिठ्ठीला त्या रंगाची सुतळी बांधतो.

नऊवारी सगळ्या गेल्या! एका शाळेने बारा नेल्या, उरलेल्या भजनी मंडळाने.

आजोबा_७२

अभिनंदन सुमाताई. आमच्या इमारतीत मी स्वतः पिशव्या गोळा करायचं ठरवलं आहे, माझ्या घरी ठेवतो, महिन्याच्या शेवटच्या रविवारी नातू आणून देईल. लिफ्टमध्ये चिठ्ठी लावली आहे. फाटकं आणलं तर परत पाठवतो.

पक्या_भाऊ

मान गये. पण एक सांगा, बाजारात विकणारे फेरीवाले येऊन सगळा चांगला माल उचलत नाहीत का? कुकर दीडशेला घेऊन बाहेर चारशेला.

सुमा_डोंबिवली

येतात ना. एक दोघं ठरलेले आहेत. आम्ही एका माणसाला एक कुकर, तीन कपडे एवढीच मर्यादा ठेवलीये, आणि जे तीन आठवडे पडून राहतं ते त्यांनाच ढिगाने देतो. त्यांचंही पोट आहे. घड्याळं पण त्यांनाच दिली शेवटी.

वाचनवेडी

संक्रांतीचं अदलाबदल ठरलं का? मी मदतीला येते, पुस्तकांचं टेबल सांभाळेन.

सुमा_डोंबिवली

ठरलं, जानेवारीचा तिसरा रविवार, तुम्ही या म्हणजे मला वाण लुटायला मोकळीक. त्याआधी एक सोसायटी खाली होतेय, २४ घरं, सेक्रेटरी तयार आहेत, टेम्पोचं भाडं पण देतायत. फक्त माल चार दिवस ठेवायला कोरडी जागा हवी आहे, पूर्वेला कुणाचं बंद गॅरेज, रिकामा गाळा असेल तर सांगा.

रिडेव्हलपमेंटग्रस्त

गांधीनगरला माझ्या मेव्हण्याचा गाळा डिसेंबरअखेरपर्यंत रिकामा आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. शिलाई मशीन निघालं तर ते आधी मला सांगा, आईसाठी.